तेलाचा हिशेब कोणी ठेवायचा?

(भंडारा जिल्ह्यातील महिला मंडळे व बचतगटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव 'देशातील तेलबियांचे उत्पादन आणि खाद्यतेलाची उपलब्धता' असं छापलं आहे. ते वाचून तुमच्यापैकी काहीजणींना वाटलं असेल, हा कृषी खात्याचा विषय आपल्या शिबिरात कशाला? आपण मारहाणीबद्दल बोलतो, पोटगीबद्दल बोलतो, दारूबंदी आणि रेशनबद्दल बोलतो. तेल म्हणजे फोडणी. त्यात काय बोलायचं?

माझं म्हणणं असं की तेल हा अगदी आपलाच विषय आहे. घरात तेल किती आहे, ते महिनाअखेरपर्यंत कसं पुरवायचं, कोणत्या भाजीला किती घालायचं, हे बाईलाच बघावं लागतं. पण देशात कोणती तेलबी पेरली जावी, कोणतं तेल कुठून यावं, त्याचा भाव काय असावा, हे ठरवताना कोणत्याही बाईला विचारलं जात नाही. काटकसर आपल्या वाट्याला आणि निर्णय दुसऱ्यांच्या हातात. ही वाटणी आपल्या ओळखीची आहे. म्हणूनच आज या हिशेबाची वही उघडू या.

पहिला आकडा दरडोई तेलाचा. देशात एका माणसामागे वर्षाला किती खाद्यतेल उपलब्ध आहे, याची सरकार नोंद ठेवतं. १९६०-६१ साली हा आकडा होता ३.२ किलो. १९८०-८१ मध्ये ३.८ किलो, म्हणजे वीस वर्षांत फारसा फरक नाही. १९९०-९१ मध्ये ५.५ किलो, २०००-०१ मध्ये ८.२ किलो. आणि नीती आयोगाने २०२४ साली काढलेल्या अहवालात २०२२-२३ चा आकडा आहे १९.७ किलो. साठ वर्षांत सहापट. आरोग्याच्या दृष्टीने वर्षाला माणशी सुमारे १२ किलो पुरे, असं आहारतज्ज्ञ सांगतात. त्यामुळे आता सरकारच म्हणतं आहे की तेल कमी खा. २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी रेडिओवरून प्रत्येक घराने तेल १० टक्के कमी करावं, असं आवाहन केलं.

आता हा आकडा आपल्या घराला लावून बघा. माणशी १९.७ किलो म्हणजे पाच माणसांच्या घरात वर्षाला साधारण ९८ किलो. महिन्याला आठ किलोंच्या वर. इथे बसलेल्या किती जणींच्या घरात महिन्याला आठ किलो तेल येतं? पाच माणसांत? मोठ्या वस्तीतल्या, शेतमजुरी करणाऱ्या घरांत मी जेव्हा जेव्हा हा प्रश्न विचारते तेव्हा बाया हसतात. अर्धा लिटरचं पाकीट आणायचं, ते संपलं की पुढच्या मजुरीची वाट बघायची, असा हिशेब असतो. मग ते उरलेलं तेल गेलं कुठे? ते हॉटेलच्या कढईत गेलं, फरसाणात, बिस्किटात, लग्नाच्या पंगतीत आणि शहरातल्या भरल्या घरांत गेलं. सरासरी म्हणजे जास्त खाणाऱ्याचं आणि कमी खाणाऱ्याचं एकत्र करून दोघांच्या नावावर मांडलेलं माप. त्यात आपण दिसत नाही. आणि घरातल्या घरात तरी सारखी वाटणी कुठे आहे? तर्रीची वाटी कोणाच्या ताटात जाते आणि भांड्याला लागलेलं पुसून भाकरी कोण खातं, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून 'देशाने तेल कमी खावं' असं कोणी म्हटलं की आपण विचारलं पाहिजे, कोणी कमी खावं?

दुसरा प्रश्न, हे तेल येतं कुठून? आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त, साधारण ५५ ते ६० टक्के, बाहेरून येतं. २०२२-२३ च्या तेलवर्षात, म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबर, सुमारे १६५ लाख टन तेल आयात झालं. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयाबीनचं तेल अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं तेल रशिया आणि युक्रेनमधून. म्हणून २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं आणि साकोलीच्या दुकानात तेलाचा भाव चढला. त्याच वर्षी २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच बंद केली. ती मे महिन्याच्या २३ तारखेला पुन्हा सुरू झाली. आपल्या चुलीवरची कढई किती दूरच्या सरकारांच्या हातात आहे, हे त्या तीन-चार आठवड्यांत कळलं. त्याच वर्षी दिवाळीला आपल्या राज्य सरकारने रेशनवर शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर तेल. तेल कोणतं? पामतेल. तेलबिया पिकवणाऱ्या महाराष्ट्रात गरिबाच्या दिवाळीचं तेलही समुद्रापलीकडून आलं.

त्या समुद्रापलीकडेही बायाच आहेत, हे विसरू नये. मलेशियातल्या पामच्या मळ्यांत औषध फवारायचं काम मोठ्या प्रमाणावर स्त्री-मजुरांकडून करून घेतलं जातं. तिथल्या 'तेनागनिता' या संघटनेने, जी १९९१ मध्ये आयरीन फर्नांडिस यांनी सुरू केली, या फवारणाऱ्या बायांच्या अंगावर विषाचे काय परिणाम होतात ते सातत्याने मांडलं. आपल्याला मिळणारं स्वस्त तेल कोणाच्या तरी अंगावरून वाहत आलेलं असतं.

पण हे नेहमीच असं होतं का? नाही, आणि इथे थोडा इतिहास बघितला पाहिजे. १९८६ साली राजीव गांधी सरकारने तेलबियांसाठी तंत्रज्ञान मोहीम सुरू केली. बियाणं, भाव, खरेदी, प्रक्रिया यांचा एकत्र विचार केला. १९८५-८६ मध्ये देशात सुमारे १०८ लाख टन तेलबिया होत होत्या, त्या १९९३-९४ मध्ये २१५ लाख टनांवर गेल्या. आठ वर्षांत दुप्पट! त्याला 'पीतक्रांती' म्हणत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आयात देशाच्या गरजेच्या अगदी थोड्या टक्क्यांवर आली होती. म्हणजे हे आपल्याला जमत नाही असं नाही. जमलं होतं.

मग १९९४ च्या एप्रिलमध्ये पामोलिनची आयात खुली झाली, ६५ टक्के शुल्क ठेवून. १९९५ मध्ये बाकीची तेलंही खुली झाली आणि शुल्क ३० टक्क्यांवर आणलं. १९९८ मध्ये ते १५ टक्के झालं. हे सगळं नव्या आर्थिक धोरणाच्या आणि गॅट कराराच्या काळात झालं. बाहेरचं तेल स्वस्त पडू लागलं आणि इथल्या तेलबीला भाव मिळेनासा झाला. १९९८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली, साठाहून जास्त माणसं दगावली. भेसळ करणारे गुन्हेगार होते, यात शंकाच नाही. पण त्यानंतर सुटं तेल विकण्यावर बंधनं आली, तेल पाकिटात आणि डब्यातच विकावं असा आदेश त्याच वर्षी निघाला. त्याचा फटका भेसळखोरांइतकाच गावातल्या घाणीवाल्यालाही बसला. मोठ्या कंपनीला पाकीट करणं सोपं, गावच्या घाणीला महाग. तेलाची शुद्धता बघायची तर त्यासाठी गावपातळीवर तपासणीची सोय करता आली असती. ती केली नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. भंडारा म्हणजे तलावांचा आणि धानाचा जिल्हा. धानाची रोवणी कोण करतं हे इथे कोणाला सांगायला नको. कंबर वाकवून चिखलात उभ्या राहिलेल्या आपणच. पण या धानाच्या बांधीत आणखी एक पीक होतं. तुमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या बायांना ते हाताने माहीत आहे. उतेरा. धान कापणीला दहा-पंधरा दिवस असताना, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात जवस किंवा लाखोळी फेकायची. धान कापलं जाईपर्यंत बी उगवून आलेलं असतं. नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही. थंडीच्या दवावर आणि जमिनीतल्या ओलीवर पीक येतं. माघ-फाल्गुनात उपटायचं, बडवायचं, की झालं.

उतारा कमी, हे खरं. उतेऱ्यात जवस एकरी क्विंटल-दीड क्विंटलच्या आसपास होतं. पण हिशेब करून बघा. एक क्विंटल जवसातून घाणीवर २५ ते ३० किलो तेल निघतं आणि उरलेली ढेप जनावराला. तीस किलो तेल म्हणजे महिन्याला अडीच किलो. एका लहान कुटुंबाचं वर्षाचं तेल एका एकराच्या दुसऱ्या पिकात निघत होतं, तेही जवळजवळ रोख खर्चाशिवाय. शिवाय घरात जवसाची चटणी, बाळंतिणीला जवसाचे लाडू. आज शहरातल्या दुकानात 'ओमेगा-३' असं लिहिलेल्या डब्यात ज्या जवसाची महागडी विक्री होते, ते हेच. जवसाच्या तेलात ओमेगा-३ प्रकारचं स्निग्धाम्ल निम्म्याच्या आसपास असतं. त्याच कारणाने हे तेल लवकर खवट होतं, फार दिवस टिकत नाही. म्हणजे ते लांबच्या कारखान्यातून महिनोन्महिने गोदामात ठेवून विकण्याचं तेल नव्हेच. जवळच्या घाणीवर थोडं थोडं काढून ताजं खाण्याचं तेल आहे. घाणी गेली की हे तेलही जाणार, हे त्याच्या गुणातच आहे.

आणि तसंच झालं. १९७०-७१ च्या सुमारास देशात जवळजवळ १९ लाख हेक्टरवर जवस होतं. आता ते दोन लाख हेक्टरच्या आसपास उरलं आहे. दहातले नऊ भाग गेले. कोणत्याही दुसऱ्या पिकाचं असं झालं असतं तर विधानसभेत प्रश्न आला असता. जवसाचा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण ते बाजाराचं कमी आणि घराचं जास्त पीक होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. जुनं सगळं सोन्याचं होतं, असं मला म्हणायचं नाही. इंग्रजांच्या काळात या मध्यप्रांतातलं जवस रेल्वेने मुंबईला आणि तिथून विलायतेला जायचं, रंग आणि लिनोलियम करायला. तेव्हाही भाव इथे ठरत नव्हता. घाणीचंही तसंच. घाणीवर राबणाऱ्या तेली समाजाला गावाने मान दिला नाही, आणि त्या घरातली बाई बी निवडायची, चाळायची, तेल डोक्यावर घेऊन दारोदार विकायची, पण तिच्या श्रमाची मजुरी कुठेच लिहिलेली नव्हती. १९३४ मध्ये वर्ध्याला मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, तेव्हा तिथे सुधारलेल्या घाणीवर काम झालं. ती 'वर्धा घाणी' म्हणून ओळखली गेली. आपल्या जवळच्याच जिल्ह्यात गावाचं तेल गावात काढण्याचा विचार इतक्या नेटाने झाला होता. पण तिथेही मालकी बाईची असावी, हा प्रश्न पुढे आला नाही. तो आता आपल्याला विचारायचा आहे.

उतेऱ्याचं जवस का गेलं? गावागावांत बायांशी बोलताना जी कारणं पुढे येतात ती सांगते.

पहिलं कारण भाव. धानाला हमीभाव आहे, खरेदी केंद्र आहे, वर बोनसची मागणी करणारे पुढारी आहेत. भुईमूग, सोयाबीन, सूर्यफूल, तीळ, कारळ, मोहरी, करडई या तेलबियांना निदान कागदावर तरी हमीभाव आहे. जवसाला नाही. केंद्र सरकारच्या हमीभावाच्या यादीत जवसाचं नावच नाही. मग व्यापारी देईल तो भाव.

दुसरं कारण पाणी आणि यंत्र. जिथे कालव्याचं किंवा बोअरचं पाणी आलं तिथे उन्हाळी धान आलं. गोसेखुर्द धरणाचा पाया १९८८ मध्ये घातला गेला, तेव्हापासून पाण्याची आशा आहे, आणि पाणी मिळालं तर शेतकरी धानच लावणार, हे साहजिक आहे. कापणीला हार्वेस्टर आलं. माणसाने विळ्याने कापलं तर खालचा कोवळा जवस वाचतो, यंत्राच्या चाकाखाली तो चिरडला जातो. हार्वेस्टरने आपली कापणीची मजुरी तर नेलीच, वर उतेराही नेला.

तिसरं कारण मोकाट जनावरं. पूर्वी उतेरा निघेपर्यंत जनावरं बांधीत सोडायची नाहीत, असा गावाचा नियम असायचा. नियम मोडला की एकट्या शेतकऱ्याने पेरून उपयोग नाही, त्याच्याच शेतात सगळ्या गावाची जनावरं येणार. हे पीक एकट्याने घेता येत नाही, गावाने घ्यावं लागतं.

चौथं कारण घाणी. गावची घाणी बंद पडली, मग जवस घेऊन दूर तालुक्याला जायचं, दिवसाची मजुरी बुडवायची, त्यापेक्षा पाकीट बरं. बाईचा हा हिशेब चुकीचा नाही. पण या हिशेबाने दोन पिढ्यांत बियाणंही घरातून गेलं. मडक्यात राखेत ठेवलेलं जवसाचं बी आता फार थोड्या घरांत सापडेल.

असंच मोहाचं. जंगलाच्या कडेच्या गावांत मोहाच्या बियांचं, टोळीचं तेल खाण्याला आणि दिव्याला वापरलं जायचं. ती वेचणं, फोडणं, वाळवणं सगळं बायांचं काम. आणि असंच आपल्या तांदळाचं. बाया उखळात धान कांडायच्या तेव्हा तांदळावर थोडा कोंडा राहायचा आणि तो पोटात जायचा. आता गिरणीतून कोंडा निघतो, तेल काढणाऱ्या कारखान्यात जातो आणि 'राइस ब्रान तेल' होऊन पाकिटातून परत येतो. रोवणी आपली, धान आपलं, कोंडा आपला, तेल मात्र विकत. गिरणी नको असं मी म्हणत नाही. कांडणाचे कष्ट गेले हे चांगलंच झालं. पण गिरणीचा नफा आणि कोंड्याची किंमत यात कांडणारीचा वाटा कुठे आहे, एवढंच विचारते.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांनी वेगवेगळ्या पक्षांतल्या बायांना एकत्र करून महागाईविरोधी समिती उभी केली. हजारो बाया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. धान्य, साखर, तेल रास्त भावात मिळालंच पाहिजे, ही त्यांची मागणी होती. स्त्री-चळवळीचा तो मोठा वारसा आहे. पण आज तीच मागणी तशीच उचलली तर एक पेच उभा राहतो. तेल स्वस्त करायचं तर सरकारकडे सोपा रस्ता आहे, आयात शुल्क कमी करा. तेल स्वस्त होतं, आणि सोयाबीन-जवस पिकवणारीचं पीक मातीमोल होतं. शुल्क वाढवलं की शेतकऱ्याला थोडा आधार मिळतो, पण मजुरीवर जगणाऱ्या बाईला पाकीट महाग पडतं. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. सणाच्या तोंडावर तेल भडकलं. तरीही त्या हंगामात सोयाबीनला ४,८९२ रुपयांचा हमीभाव कागदावर आणि बाजारात त्याहून कमी भाव, असंच चित्र विदर्भात होतं. मग २०२५ च्या मे अखेरीला ते शुल्क पुन्हा १० टक्क्यांवर आणलं. म्हणजे कधी खाणारीला चिमटा, कधी पिकवणारीला. आणि आपल्याकडे तर बहुतेक वेळा दोघी एकच असतात. खरिपात पिकवणारी तीच आणि उन्हाळ्यात विकत घेणारी तीच.

म्हणून फक्त 'तेल स्वस्त करा' किंवा फक्त 'भाव वाढवा' या दोन्ही घोषणा अपुऱ्या आहेत. आपली मागणी जोडीची हवी. पिकवणारीला हमीभाव आणि खाणारीला रेशनवर तेल. मधला फरक सरकारने सोसावा. आयातीवरच्या शुल्कातून सरकारच्या तिजोरीत पैसा येतोच. तो इथे लावावा.

हे सगळं आजच का बोलायचं? कारण सरकारने पुन्हा मोहीम काढली आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पामच्या लागवडीसाठी ११,०४० कोटी रुपयांचं अभियान मंजूर झालं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तेलबियांसाठी १०,१०३ कोटी रुपयांचं दुसरं अभियान मंजूर झालं. २०३०-३१ पर्यंत तेलबियांचं उत्पादन ३९० लाख टनांवरून ६९७ लाख टनांवर न्यायचं आहे. त्यासाठी आणखी ४० लाख हेक्टर जमीन तेलबियांखाली आणायची. ती कुठली? तर धान निघाल्यावर जी पडीक राहते ती, असं त्या कागदात म्हटलं आहे. धानानंतरची पडीक जमीन! मैत्रिणींनो, ती आपलीच बांधी आहे. आपल्या सासवा आणि आज्या जिथे जवस फेकत होत्या तीच. तिला पडीक कोणी केलं, हे त्या कागदात नाही.

आणि पिकं कोणती? मोहरी, भुईमूग, सोयाबीन, सूर्यफूल आणि तीळ यांच्यावर भर आहे. जवसाचं नाव त्या मुख्य यादीत नाही. देशभरातल्या ३४७ जिल्ह्यांत सहाशेहून जास्त समूह करून शेतकरी उत्पादक कंपन्या, सहकारी संस्था आणि खाजगी कंपन्या यांच्यामार्फत हे काम चालणार आहे. शेतकरी कंपनीचा सभासद व्हायला बहुतेक ठिकाणी सातबारा मागतात. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशात शेती कसणाऱ्या खातेदारांमध्ये स्त्रिया सुमारे १४ टक्के आहेत. रोवणीत, निंदणीत बघितलं तर शंभरातल्या किती बाया दिसतात, आणि खात्यावर चौदा! १९८९ नंतर शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली आणि अनेक गावांत पुरुषांनी जमीन बायकोच्या नावावर केली. ते काम पुढे तितक्या जोराने गेलं नाही. आता पैसा येईल तेव्हा तो सातबाऱ्याच्या मागे जाईल, आणि आपण पुन्हा त्या सगळ्यात मजूर म्हणून उरू. म्हणून गप्प बसून चालणार नाही.

मी पाच गोष्टी सुचवते. त्यांच्यावर गटागटात चर्चा करा, भर घाला, पटत नसेल ते काढा.

एक. जवसाला हमीभावाच्या यादीत घ्या आणि जिल्ह्यात त्याची प्रत्यक्ष खरेदी करा, ही मागणी प्रत्येक मंडळाने ठरावाने करावी. यादीत नाव आलं आणि खरेदी झाली नाही तर काय होतं, ते सोयाबीनने दाखवलं आहे. म्हणून दोन्ही शब्द ठरावात हवेत.

दोन. तेलबियांच्या समूहात सभासद होण्यासाठी सातबाऱ्याची अट नको. ठेक्याने-बटईने करणारी, घरच्या जमिनीवर राबणारी, मजूर बाई, सगळ्यांना 'शेतकरी' म्हणून नोंदवा. आणि त्याचबरोबर घरातल्या जमिनीवर बाईचं नाव लावण्याचा आपला जुना कार्यक्रम पुन्हा हातात घेऊ या.

तीन. दहा-बारा गावांमागे एक तरी घाणी बायांच्या गटाच्या मालकीची हवी. बैलाची नको, विजेची चालेल. त्यासाठी परवान्याचे नियम सोपे हवेत आणि तेल तपासण्याची सोय तालुक्याला हवी, म्हणजे भेसळीच्या नावाखाली लहानांनाच बाजूला सारलं जाणार नाही. ढेपेचा पैसा गटात यावा. आणि घाणीवर काम करणाऱ्या प्रत्येकीला मजुरी मिळावी. गटाचं काम म्हणजे फुकटचं काम, ही सवय आपण आपल्यातच मोडली पाहिजे.

चार. मोकाट चराईचा ठराव. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असा कायद्यात नियम आहे. बहुतेक गावांत ती वहीतच होते. ती खरी भरवा आणि उतेरा निघेपर्यंत जनावरं बांधायचा ठराव तिथून ग्रामसभेत न्या. यात एक काळजी घ्यायला हवी. शेळ्या-गाई राखणाऱ्या बऱ्याच बाया भूमिहीन घरातल्या असतात. त्यांच्या चाऱ्याची सोय ठरवल्याशिवाय ठराव करू नका, नाहीतर एकीचं तेल दुसरीच्या शेळीच्या पोटावर येईल.

पाच. रेशनवर तेल मागा, आणि सणापुरतं नको, दर महिन्याला मागा. जमेल तिथे ते इथल्या तेलबियांचं असावं. आश्रमशाळा, अंगणवाडी, शाळेतलं दुपारचं जेवण, या सगळ्यांना तेल लागतं. ते गटांच्या घाणीवरून का घेऊ नये?

शेवटी एक काम सांगते, ते आपल्या हातातलं आहे आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक मंडळाने आपल्या गावात एक साधी पाहणी करायची. चार प्रश्न. घरात माणसं किती? महिन्याला तेल किती आणि कोणतं येतं? पूर्वी कोणतं तेल खात होतात आणि ते कधी बंद झालं? जवसाचं बी घरात आहे का? हे प्रश्न घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईलाही विचारा, तिला ऐकू कमी येत असेल तर जवळ बसून विचारा. ज्या घरात बी सापडेल तिथलं नाव वेगळ्या पानावर लिहा. दसरा-दिवाळीच्या दरम्यान धानात ओल असते तेव्हा निदान काही बांध्यांत तरी ते बी पडलं पाहिजे. एखाद्या बाईची बांधी नसेल तर गटाने मिळून कोणाची तरी बांधी उतेऱ्यापुरती मागून घ्यावी, वाटा आधी ठरवून.

या पाहणीचे कागद घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ. ते आपल्याला देशाची सरासरी सांगतील. आपण त्यांना आपल्या गावांची यादी देऊ, घरागणिक, महिन्याच्या किलोसकट. आजवर हा हिशेब आपण मनातल्या मनात ठेवत आलो. आता तो कागदावर ठेवू या आणि त्यावर सही करू या.